शब्बाथचा काळ आणि शब्बाथचे स्थळ : हेशेल यांच्या 'द सॅबथ'ची चिकित्सा

यहुदी धर्मश्रद्धा आणि आधुनिक जीवन यांच्या संबंधावर विसाव्या शतकात विपुल लेखन झाले. त्यांपैकी यहुदी समाजाबाहेरही जे आवडीने वाचले गेले अशा मोजक्या ग्रंथांत अब्राहम जोशुआ हेशेल (१९०७-१९७२) यांच्या 'द सॅबथ' या पुस्तकाचा समावेश करावा लागेल. १९५१ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेले, इल्या शोर यांच्या काष्ठकोरीव चित्रांनी सजलेले हे पुस्तक एका बैठकीत वाचून होण्याइतके लहान आहे. शब्बाथचा आधुनिक माणसासाठी असलेला अर्थ सांगणे हे आपले उद्दिष्ट असल्याचे लेखकाने उपशीर्षकातच नमूद केले आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत पाळावयाचा हा विश्रामदिन म्हणजे यहुदी धर्माचे हृदय होय, हे हेशेल यांच्या आधीही अनेकांनी म्हटले होते. हेशेल यांचे वेगळेपण असे की, त्यांनी या एका दिवसातून यहुदी धर्माचे संपूर्ण तत्त्वज्ञान उभे केले. हा धर्म स्थळाचा नसून काळाचा आहे, हे त्या तत्त्वज्ञानाचे मध्यवर्ती सूत्र होय. प्रस्तुत निबंधात या सूत्राचीच तपासणी करावयाची आहे. पुस्तकाचे वाङ्मयीन सौंदर्य वादातीत आहे. प्रश्न असा आहे की, काळ आणि स्थळ यांची हेशेल यांनी केलेली विभागणी प्रत्यक्ष पाळल्या जाणाऱ्या शब्बाथला लागू पडते काय? आणि पडत नसेल, तर आधुनिक माणसाला या पुस्तकातून नेमके काय मिळते?

हेशेल यांची मांडणी थोडक्यात अशी. तांत्रिक संस्कृती ही स्थळावर विजय मिळविण्याची खटपट आहे. माणूस वस्तू जमवितो, जमीन व्यापतो, इमारती बांधतो. परंतु या सर्व खटाटोपात जो खर्च होतो तो काळ त्याच्या हाती लागत नाही. किंबहुना काळाकडे पाहण्याची त्याला भीती वाटते आणि म्हणून तो वस्तूंच्या आश्रयाला जातो. बहुतेक धर्मांनी देवाला डोंगर, नदी, वृक्ष, मंदिर अशा स्थळी पाहिले. बायबलमधील देव मात्र घटनांतून, इतिहासातून प्रकट होतो. उत्पत्तीच्या कथेत 'पवित्र' हे विशेषण प्रथम वापरले गेले ते कोणत्याही जागेला नव्हे, तर सातव्या दिवसाला, याकडे हेशेल लक्ष वेधतात. निवासमंडपाचे पावित्र्य पुढे आले, आधी दिवसाचे आले. मंदिर जाळता येते, दिवस जाळता येत नाही. शब्बाथ हा त्यांच्या मते काळात बांधलेला राजवाडा आहे.

इतर धर्मांविषयीचे यातील विधान फारच ढोबळ आहे, हे भारतीय वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. तिथी, एकादशी आणि चातुर्मास यांच्या आधाराने ज्यांचे धार्मिक आयुष्य चालते त्यांना 'स्थळाचा धर्म' या एका सदरात टाकता येत नाही. तौलनिक धर्मशास्त्र हे हेशेल यांचे बलस्थान नव्हे आणि त्यासाठी हे पुस्तक कोणी वाचूही नये. ते समजून घ्यावयाचे तर ते कोणी व केव्हा लिहिले हे आधी पाहावे लागते.

हेशेल यांचा जन्म वॉर्सा येथे एका नामवंत हसिदी घराण्यात झाला. बर्लिनमध्ये त्यांनी आधुनिक तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले, संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिला. १९३८ च्या ऑक्टोबरात जर्मनीने पोलिश नागरिकत्व असलेल्या यहुद्यांना हाकलले, त्यांत तेही होते. १९३९ च्या उन्हाळ्यात, पोलंडवरील आक्रमणाच्या काही आठवडे आधी, ते लंडनला निसटले. पुढे अमेरिकेत सिनसिनाटी आणि नंतर न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापक झाले. मागे राहिलेली आई आणि तीन बहिणी युद्धाला व नाझींच्या संहाराला बळी पडल्या. 'द सॅबथ'च्या आदल्या वर्षी, १९५० मध्ये, त्यांचे 'द अर्थ इज द लॉर्ड्स' हे पुस्तक आले. पूर्व युरोपातील यहुद्यांच्या नष्ट झालेल्या जगाचे ते स्मरण आहे आणि त्याचे मूळ १९४५ च्या जानेवारीत, युद्ध अजून चालू असताना दिलेल्या एका व्याख्यानात आहे. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचली म्हणजे दुसऱ्यातील तत्त्वज्ञानामागचा शोक ऐकू येतो. ज्या गल्ल्या, ज्या प्रार्थनागृहांत, ज्या स्वयंपाकघरांत शुक्रवारची संध्याकाळ उतरत असे ती सगळी स्थळे राखेत गेली होती. उरला होता तो केवळ दिवस. काळ हा स्थळाहून श्रेष्ठ आहे, हे विधान अशा माणसाच्या तोंडी सिद्धान्तापेक्षा अधिक काही असते. 'द सॅबथ'मध्ये संहाराचा विषय प्रत्यक्ष क्वचितच डोकावतो. तरीही हे पुस्तक मुळात एक विलापिका आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विलापिका म्हणून ते खरे आहे. अडचण येते ती त्याला आचाराचे मार्गदर्शन किंवा धर्माची व्याख्या मानले तेव्हा.

ही अडचण पुस्तकातील एका महत्त्वाच्या प्रकरणातच दिसून येते. ताल्मूदच्या शब्बाथविषयक खंडातील रब्बी शिमोन बार योहाय यांची प्रसिद्ध कथा हेशेल येथे सविस्तर सांगतात. काही रब्बी बसले असता एकाने रोमन लोकांच्या कामांची स्तुती केली : त्यांनी बाजार वसविले, पूल बांधले, स्नानगृहे उभारली. दुसरा गप्प राहिला. शिमोन मात्र म्हणाले की, हे सर्व त्यांनी स्वतःसाठीच केले, पूल तर जकात वसूल करण्यासाठी. हे बोलणे राज्यकर्त्यांच्या कानी गेले आणि शिमोन यांना मृत्युदंड झाला. ते मुलासह एका गुहेत लपले; खरनूबाचे झाड आणि पाण्याचा झरा यांवर त्यांनी बारा वर्षे अध्ययनात घालविली. बाहेर आले तो लोक नांगरट आणि पेरणी करीत होते. शाश्वत जीवन सोडून क्षणिकाच्या मागे लागलेले हे लोक पाहून त्यांचा संताप असा झाला की, जेथे दृष्टी पडेल ते जळून जाऊ लागले. तेव्हा आकाशवाणी झाली : माझे जग नष्ट करण्यासाठी बाहेर आलात काय? परत गुहेत जा. आणखी एका वर्षाने ते पुन्हा बाहेर पडले. शुक्रवारची संध्याकाळ होती. एक म्हातारा मर्टल या सुगंधी झुडपाच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने चालला होता. विचारता त्याने सांगितले की, या शब्बाथच्या सन्मानासाठी आहेत. एक 'स्मरण कर' या आज्ञेसाठी, दुसरी 'पाळ' या आज्ञेसाठी. दहा आज्ञांच्या दोन पाठांत शब्बाथविषयी ही दोन भिन्न क्रियापदे येतात, त्यांचा हा संदर्भ. ते ऐकून पितापुत्रांचे मन शांत झाले.

हेशेल यांच्या विवेचनात ही कथा रोमन स्थळपूजा आणि यहुदी काळनिष्ठा यांच्या संघर्षाचे रूपक बनते आणि त्या रूपकाचा कळस म्हणजे तो म्हातारा. शाश्वताची ओढ आणि शेतात राबणे यांची तडजोड शब्बाथमध्ये होते, हा त्यांचा निष्कर्ष सुंदर आहे. परंतु ताल्मूदमधील कथा म्हाताऱ्यापाशी थांबत नाही. शिमोन यांचा जावई येऊन त्यांच्या गुहेत तडकलेल्या अंगाची शुश्रूषा करतो आणि मग शिमोन विचारतात की, आपल्यावर चमत्कार झाला आहे, तर येथे सुधारण्याजोगे काही आहे काय? लोक सांगतात की, एक जागा अशुद्धतेच्या संशयामुळे पुरोहितवंशीयांना वळसा घालून ओलांडावी लागते. शिमोन जमिनीची परीक्षा करतात, शुद्ध कोठे आणि अशुद्ध कोठे याच्या खुणा करतात आणि वाट मोकळी होते. ज्या माणसाने पूल आणि बाजार यांची निंदा केली, तो अखेरीस रस्ता दुरुस्त करतो! कथेचा हा शेवट जमेस धरला तर तिचा अर्थ पालटतो. काळाची निष्ठा माणसाला स्थळापासून सोडवीत नाही, ती त्याला स्थळाकडे वेगळ्या जबाबदारीने परत पाठविते. रोमन पूल आणि शिमोन यांची वाट यांतील फरक असा की, एकावर जकात आहे आणि दुसरी वळसा घालणाऱ्यांसाठी आहे. हे सूत्र हेशेल यांनी पुढे नेले असते, तर पुस्तक अधिक सामाजिक आणि कदाचित कमी मोहक झाले असते.

शब्बाथच्या कायद्याकडे वळले असता हीच गोष्ट अधिक ठळक होते. मिश्नाने शब्बाथच्या दिवशी निषिद्ध अशा एकोणचाळीस मूलभूत कर्मांची यादी दिली आहे : पेरणे, कापणी करणे, दळणे, विणणे, लिहिणे, बांधणे, पाडणे, अग्नी पेटविणे, एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत वस्तू नेणे इत्यादी. येथे श्रमाचे माप लावलेले नाही. घरातील जड मेज सरकविणे चालते, पण दोन अक्षरे लिहिणे चालत नाही. परंपरेनुसार ही कर्मे रानातील निवासमंडप उभारण्यासाठी लागलेल्या कामांवरून ठरविली गेली. म्हणजे पवित्र स्थळ बांधण्यासाठी जे जे करावे लागले, नेमके ते ते पवित्र काळात करावयाचे नाही. मंडपाचे कामही शब्बाथपुढे थांबते हा हेशेल यांच्या बाजूचा पुरावा ठरतो. परंतु तोच पुरावा उलटाही वाचता येतो : स्थळाच्या बांधणीवाचून या काळाचा आराखडाच काढता आला नसता.

शिवाय शब्बाथला हद्दी आहेत. वस्तीच्या सीमेपासून दोन हजार हातांपलीकडे चालत जावयाचे नाही. सार्वजनिक हद्दीत काही वाहून न्यावयाचे नाही. किल्ली नाही, पुस्तक नाही, तान्हे मूलही नाही. हा शेवटचा निर्बंध सुसह्य करण्यासाठी रब्बींनी 'एरुव्ह'ची युक्ती काढली. शेजाऱ्यांनी अन्नाचा सामाईक वाटा ठेवून आणि चौकटीवजा खांब व तारा यांनी परिसर वेढून त्याला एका घराचे रूप द्यावयाचे. आज अमेरिकेतील अनेक शहरांत विजेच्या व टेलिफोनच्या खांबांवरून अशी अदृश्यप्राय सीमा गेलेली असते आणि ती तुटलेली नाही ना, हे दर आठवड्याला पाहिले जाते. न्यू जर्सीतील टेनाफ्लाय या गावाने खांबांवरील अशा पट्ट्या काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा प्रकरण संघराज्यीय अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २००२ साली निकाल एरुव्हच्या बाजूने लागला. काळातल्या राजवाड्याला तारेचे कुंपण लागते आणि त्यासाठी नगरपालिकेशी भांडावे लागते, हे दृश्य हेशेल यांच्या गद्यात बसत नाही. पण एरुव्ह नसेल तर तान्हे मूल असलेली आई शनिवारभर घरात अडकते. तिच्या लेखी शब्बाथचा आनंद हा आधी त्या तारेचा प्रश्न आहे.

हेशेल कायद्याचे विरोधक होते असे मात्र समजू नये. 'गॉड इन सर्च ऑफ मॅन' (१९५५) मध्ये त्यांनी हलाखा म्हणजे विधी-नियम आणि अगादा म्हणजे कथा-भावार्थ यांचे परस्परावलंबन आग्रहाने मांडले आहे. एकावाचून दुसरे निर्जीव, ही त्यांची भूमिका होती. 'द सॅबथ' हे अगादाच्या अंगाने लिहिलेले पुस्तक आहे. तरीही ते ज्या क्षणी आले तो क्षण पाहता या एकांगीपणाची किंमत मोजावी लागली असे वाटते. आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या विधिसमितीतील मॉरिस ॲडलर, जेकब एगस आणि थिओडोर फ्रीडमन या रब्बींनी बहुमताचा निर्णय दिला होता की, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाण्यापुरती मोटार चालविण्यास शब्बाथला हरकत नसावी. विजेच्या वापरासही मुभा देण्यात आली. कारण उघड होते. युद्धोत्तर अमेरिकेत यहुदी कुटुंबे शहरातील दाट वस्त्या सोडून उपनगरांत पांगत होती आणि सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर राहिले नव्हते. हेशेल ज्या सेमिनरीत शिकवीत होते ती याच पंथाची. म्हणजे त्यांच्या भोवतीच्या समाजापुढे शब्बाथचा जो प्रश्न उभा होता तो सरळसरळ अंतराचा, घराच्या जागेचा होता. मोटारीला परवानगी मिळाली आणि चालत जाण्याच्या टप्प्यात राहणारा शेजार बांधण्याची गरज ओसरली. या निर्णयावर पुढे त्या पंथातच पुष्कळ टीका झाली. सनातनी पंथाने मोटार नाकारली. त्यामुळे त्याचे लोक सिनेगॉगभोवती एकवटून राहिले आणि नकळत त्यांनी शब्बाथचे स्थळ राखले.

विजेच्या बाबतीत सनातनी रब्बींमध्ये झालेला वाद विस्ताराने सांगण्याजोगा आहे, पण येथे एकच नमुना पुरे. 'हाझोन इश' या नावाने ओळखले जाणारे रब्बी विद्युत्मंडल जोडणे हे 'बांधणे' या कर्मात मोडते, असे मानीत. श्लोमो झाल्मान ऑयरबाख यांनी १९३५ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. तापून उजळणाऱ्या तारेचा दिवा म्हणजे अग्नी हे त्यांना मान्य होते; पण नुसते मंडल जोडण्यात मूळ निषेध त्यांना स्पष्ट सापडला नाही. तरी रूढ झालेली बंदी मोडू नये, असेच त्यांनी ठरविले. आधुनिक यंत्रापुढे जुना कायदा गप्प बसत नाही, तो वाद घालतो. श्रद्धा आधुनिक जीवनात कशी वावरते हे पाहावयाचे तर या कोरड्या पानांत ते हेशेल यांच्या रसाळ पानांइतकेच दिसते.

पुस्तकातील आणखी एक मौन घराविषयीचे आहे. शब्बाथ ही वधू, शब्बाथ ही राणी, या जुन्या प्रतिमांवर हेशेल यांनी फार हृद्य लिहिले आहे. ताल्मूदमधील रब्बी वस्त्र पांघरून तिला सामोरे जातात. सोळाव्या शतकात सफेद नगरीत श्लोमो अल्काबेझ यांनी रचलेले 'लेखा दोदी' हे स्वागतगीत आजही शुक्रवारी गाइले जाते. परंतु राणी येण्यापूर्वी घर झाडावे लागते, भाकरी भाजावी लागते आणि चुलीला हात न लावता दुसऱ्या दिवशी गरम खाता यावे म्हणून रात्रभर मंद आचेवर राहील असे कालवण सूर्यास्तापूर्वी चढवावे लागते. ही कामे कोण करीत होते? सनातनी पंथातील लेखिका ब्लू ग्रीनबर्ग यांचे 'हाऊ टु रन अ ट्रॅडिशनल ज्यूइश हाऊसहोल्ड' (१९८३) हे पुस्तक उघडले म्हणजे शब्बाथमागची घाई, याद्या आणि थकवा समोर येतो; त्याबरोबर दिवे लागल्यानंतर येणारी शांतताही येते. ती शांतता हेशेल यांच्या शांततेपेक्षा मला अधिक विश्वसनीय वाटते, कारण तिच्यात शुक्रवार आहे. इतिहासकार जेकब कॅट्झ यांनी अभ्यासिलेली, शब्बाथला आग पेटवून देणाऱ्या बिगर-यहुदी गड्याची संस्थाही याच मालिकेतील. एकाचा विश्राम दुसऱ्याच्या श्रमावर टेकलेला असतो, ही शंका ज्यांनी आज्ञा रचल्या त्यांनाही होती. अनुवादाच्या पुस्तकातील पाठ म्हणूनच दास, दासी, बैल आणि गाढव यांना विसावा देण्यास सांगतो आणि कारण देतो ते मिसरमधील गुलामीचे. निर्गमाच्या पुस्तकातील पाठ सृष्टीच्या निर्मितीचे कारण देतो. हेशेल यांचे मन दुसऱ्या पाठात अधिक रमते.

स्थळाचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो इस्राएलमध्ये. राज्य स्थापन होण्याआधीच, १९४७ च्या जूनमध्ये, बेन-गुरियन यांच्या नेतृत्वाखालील ज्यूइश एजन्सीने सनातनी पक्षाला पत्राने आश्वासन दिले होते की, शब्बाथ हा विश्रामाचा कायदेशीर दिवस राहील. १९५१ साली, हेशेल यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, कामाचे तास व विश्राम यांसंबंधीचा कायदा संमत झाला. यहुदी कामगारांना साप्ताहिक सुट्टी शनिवारी. इतरांना शुक्रवार, शनिवार वा रविवार यांतून निवड. पावित्र्य आता सरकारी राजपत्रात आले. त्यानंतरचे तंटे बसगाड्या, चित्रपटगृहे, दुकाने आणि रस्ते यांचे आहेत. जेरुसलेममधील बार-इलान रस्ता शब्बाथला वाहतुकीस बंद असावा की नसावा, यावरून १९९६ मध्ये दंगली झाल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यममार्ग काढला : प्रार्थनेच्या तासांपुरता रस्ता बंद ठेवता येईल, पण तेथील सेक्युलर रहिवाशांच्या येण्याजाण्याची सोय झाल्याखेरीज नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात तेल अवीव महापालिकेने शब्बाथच्या दिवशी चालणारी विनामूल्य बससेवा सुरू केली, तीही याच वादातील पुढची चाल. दिवस जाळता येत नाही, हे खरे. पण तो रस्त्यावर अडविता येतो आणि रस्त्यावरच सोडविता येतो.

स्वतः हेशेल यांनाही स्थळाकडे वळावे लागले. १९६७ च्या युद्धानंतर ते जेरुसलेमला गेले आणि १९६९ मध्ये त्यांचे 'इस्राएल : ॲन एको ऑफ इटर्निटी' प्रसिद्ध झाले. त्यात एका नगरीविषयी, तिच्या भिंतींविषयी, भूमीविषयी अशी उत्कटता आहे की, 'द सॅबथ'चा वाचक गोंधळून जावा. काही अभ्यासकांना यात विसंगती दिसते. मला ती कबुली वाटते. ज्याची सर्व स्थळे गेली त्याने १९५१ मध्ये काळाचा आश्रय घेतला. स्थळ पुन्हा दिसताच त्याची भाषा स्थळाकडे धावली. मात्र त्या स्थळी राहणाऱ्या दुसऱ्या लोकांच्या, अरबांच्या, वाट्याला त्या उत्कटतेत पुरेशी जागा नाही, हा आक्षेप नोंदविणे भाग आहे. १९६५ मध्ये सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालणाऱ्या हेशेल यांच्याकडून ती अपेक्षा गैर नव्हती.

शब्बाथ केवळ आंतरिक अनुभव म्हणून टिकेल काय, हा प्रश्न अलीकडे नव्या रूपात आला आहे. एरिक फ्रॉम यांनी योगायोगाने १९५१ मध्येच 'द फरगॉटन लँग्वेज'मध्ये शब्बाथचा निरीश्वर अर्थ लावला होता : माणूस आणि निसर्ग यांमधील एका दिवसाचा तह. 'रीबूट' या अमेरिकन यहुदी संस्थेने २०१० पासून यंत्रे बंद ठेवण्याचा वार्षिक दिवस सुरू केला. ज्युडिथ शुलेवित्झ यांचे 'द सॅबथ वर्ल्ड' हे चिंतनशील पुस्तकही त्याच वर्षीचे. भ्रमणध्वनीने पिचलेल्या माणसाला एक दिवस मोकळा मिळावा, हे कोणाला नको आहे? परंतु स्वेच्छेने घेतलेली विश्रांती सोमवारच्या निकडीपुढे लवकर माघार घेते. शब्बाथ सक्तीचा होता, सर्वांचा एकाच वेळी होता आणि तोट्याचाही होता. फिलाडेल्फियातील सनातनी यहुदी दुकानदारांना धर्मामुळे शनिवारी आणि राज्याच्या कायद्यामुळे रविवारी दुकान बंद ठेवावे लागे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. ज्यासाठी आठवड्याचा एक दिवसाचा धंदा सोडावा लागतो त्याचे वर्णन 'अनुभव' या शब्दाने पुरे होत नाही.

या संदर्भात कोकणातील बेने इस्राएलांचा इतिहास साक्षीला घेणे सयुक्तिक ठरेल, कारण येथे शब्बाथ टिकला तो ग्रंथ, रब्बी आणि राजाश्रय यांपैकी काहीही हाताशी नसताना. अलिबाग, पेण, रोहे, रेवदंडा या परिसरातील गावांत विखुरलेला हा समाज प्रामुख्याने तेल गाळण्याचा धंदा करीत असे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. सोमवार पाळणारे 'सोमवार तेली' वेगळे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या आचारांची नोंद केली आहे : शब्बाथ, सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे, शेमाचे पठण. हिब्रू ग्रंथपरंपरेशी संबंध बव्हंशी तुटलेला होता. मंदिराच्या विध्वंसानंतरच्या ताल्मुदी परंपरेचा परिचय त्यांना पुढे बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून झाला.

हेशेल यांच्या सूत्राला याहून अनुकूल उदाहरण शोधून सापडणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल : ना मंदिर, ना सिनेगॉग, केवळ एक दिवस. पण हा दिवस कोठे होता? तो थांबलेल्या घाण्यात होता. घाण्याचा आवाज थांबला की शनिवार आला हे शेजारच्या आळीला कळत होते. झापड बांधून फिरणारा बैल त्या दिवशी सुटा होता, म्हणजे अनुवादातील आज्ञा, ती वाचता येत नसतानाही, शब्दशः पाळली जात होती. शेजाऱ्यांनी त्या थांबण्याला नाव दिले आणि त्या नावाने समाजाला गावाच्या जातिव्यवस्थेत एक जागा मिळाली. ती जागा उच्च नव्हती. तरी ती ओळख टिकली, कारण ती गावाच्या रचनेत बसली होती, आणि आपल्या शेजाऱ्याचा घाणा शनिवारी बंद असायचाच हे गावाने धरून चालले होते.

मुंबईत आल्यावर हे चित्र पालटले. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग, शार हारहामीम, उभारले. प्रार्थनेला प्रथमच हक्काची वास्तू मिळाली. पण पलटणीत, कचेरीत, रेल्वेत नोकरी करणाऱ्याचा शनिवार आता मालकाचा होता. शहराची सुट्टी रविवारची. त्या रविवारचाही इतिहास येथे आठवावा : नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी मिळाली, आणि रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्यांनी पुढे केले होते. विश्रामाचा हक्क मिळविताना त्यांनाही दिवसाला पावित्र्याचा आधार द्यावासा वाटला. त्याच शहरात, सिनेगॉग हाकेच्या अंतरावर असूनही, शनवार तेल्यांच्या नातवंडांना शनिवारी हजेरीपटावर सही करावी लागत होती. घाणा त्यांच्या आजोबांच्या मालकीचा होता, म्हणून तो थांबविता आला.